तुम्ही विचारलंत म्हणून: आठवण दिसते का?

‘म्हणजे आठवण तयार होताना तुम्हाला चक्क दिसते?’ मी मायक्रोस्कोपखाली न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, बघते हे कळलं, की लग्नकार्यात हा प्रश्न हमखास येतो.

आठवण नाही दिसत. दिसतो तो न्यूरॉनच्या फांदीवरचा इवलासा कोंब. आम्ही त्याला स्पाइन म्हणतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने 1888 साली ते पहिल्यांदा नोंदवले. डोकं जेमतेम मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, पण मेंदूतले बहुतेक उत्तेजक सिनॅप्स, म्हणजे पुढच्या पेशीला जागं करणारे पेशी-पेशींमधले सांधे, याच डोक्यांवर असतात.

पिल्लू उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचा, पातळ काप द्रावणात ठेवायचा आणि दाराला काळा पडदा लावायचा. मोजायचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, इतके थोडे असतात, की मोबाइलचा उजेडही महागात पडतो. मग एकच स्पाइन निवडून तिच्या शेजारी लेझरने ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉन एकमेकांना निरोप देताना वापरतात ते रसायन, मोकळं करायचं. हे जमतं ते डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेलमध्ये 1990 साली दाखवलेल्या टू-फोटॉन पद्धतीमुळे. तिच्यात एका रेणूवर दोन कमजोर फोटॉन एकाच क्षणी पडावे लागतात आणि तसं फक्त फोकसच्या बिंदूत घडतं. शेजारच्या स्पाइनला पत्ताही लागत नाही. मिनिटभर असं टोचलं, की ती स्पाइन फुगते. मात्सुझाकी आणि कासाई यांच्या गटाने 2004 साली हे दाखवलं.

फुगणं हा झाला परिणाम. मला हवा असतो आतला निरोप. कॅमकेटू नावाचं प्रथिन कॅल्शियम आलं की उघडतं. त्याच्या दोन टोकांना आम्ही दोन चमकणारी प्रथिनं जोडलेली असतात, त्यातलं एक हिरवं. ती जवळ असली, तर हिरवं आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन टाकतं आणि लवकर विझतं. दूर गेली, की जास्त वेळ तेवतं. एरवी त्याची चमक साधारण अडीच नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) टिकते आणि आम्ही मोजतो तो त्यातला फरक. कितीही भारी भिंग आणलं, तरी हे काही नॅनोमीटरचं अंतर डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून ते घड्याळाने मोजायचं. मला विचाराल, तर या क्षेत्रातली सगळ्यात देखणी युक्ती हीच.

त्या घड्याळाने एक जुनी समजूतही हलवली. कॅमकेटू स्वतःच स्वतःला चालू ठेवतं आणि तीच आठवणीची कळ, असं बराच काळ मानलं जायचं. र्योहेई यासुदा या शास्त्रज्ञाच्या गटाने 2009 साली मोजलं, तर टोचणं थांबल्यावर मिनिटभरात त्याची सक्रियता बरीच ओसरली होती, स्पाइन मात्र फुगलेलीच. मग पुढचं काम कोण करतं? 2011 साली त्याच गटाला आरएचओए आणि सीडीसी42 ही प्रथिनं अर्ध्या तासाहून जास्त काळ जागी सापडली. सीडीसी42 तर त्या एका स्पाइनच्या बाहेर फारसं जातही नाही. उलट आरएएस हे आणखी एक प्रथिन मायक्रॉन-दहा मायक्रॉन पसरतं आणि शेजारच्या स्पाइनमध्येही शिरतं. कॅमकेटूचा वाद अजून मिटलेला नाही, तो भाग वेगळा.

‘मग ती आठवण कसली असते?’ हा पुढचा प्रश्न. कसलीच नाही. बशीतल्या कापाला आठवायला काही नसतंच. जिवंत उंदरात हेच मोजायचं, तर नुसत्या श्वासाने मेंदू काही मायक्रॉन हलतो, म्हणजे बघायची स्पाइनच फोकसमधून निसटते.