एक, तीन की पाच

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज गौरींबरोबर गणपती गेले. नेहमीप्रमाणे बाल्कनीत, बादलीत विसर्जन. मखर आवरताना नवऱ्याचं पाकीट हाताला लागलं आणि त्यातलं झाइर्यू कार्ड, म्हणजे जपानमध्ये राहायच्या परवानगीचं ओळखपत्र, बाहेर डोकावलं. मुदत : १२ नोव्हेंबर. माझं तेच, लेकीचं तेच. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे आम्ही तीन आठवडे नुसते बसून आहोत. गणपतीचं बरं असतं, किती दिवसांचा मुक्काम ते आपणच ठरवतो.

रात्री नवरा म्हणाला, ऑनलाइन करू. एप्रिलपासून फी चार हजार येनवरून सहा हजार झालीये, ऑनलाइन केलं तर साडेपाच. तिघांचे दीड हजार वाचतील. मायनंबर कार्ड, म्हणजे इथलं आधार कार्डच, फोनला लावलं आणि पासवर्ड विसरला. त्या डिजिटल सहीच्या पासवर्डला पाच संधी असतात. चौथ्यांदा चुकल्यावर मी म्हटलं, थांब. थांबला नाही. कुलूप लागलं. आता ते उघडायला वॉर्ड ऑफिसमध्ये जायचं. त्यापेक्षा कागदच भरू, म्हटलं. गेले दीड हजार.

१० सप्टेंबर, बुधवार

माझा व्हिसा म्हणजे ‘काझोकु ताइझाई’. कुटुंब म्हणून राहण्याचा. नवऱ्याची नोकरी हे झाड, आणि मी आणि लेक त्यावरच्या वेली. माझ्या अर्जाला माझं म्हणून काही लागतच नाही. त्याचं नोकरीचं प्रमाणपत्र, त्याच्या रहिवासी कराचे दोन दाखले, त्याच्याशी लग्न झाल्याचा कागद. सांगलीत सात वर्षं कॉलेजात शिकवलं, त्याचा कागद कुणी मागत नाही. तरी मी तो फाइलमध्ये ठेवते, का ते विचारू नये.

कराच्या दाखल्यांसाठी सकाळी टोकियोतल्या आमच्या एदोगावा वॉर्ड ऑफिसात गेले. नंबर घेतला, अर्ज भरला, तीनशे-तीनशे येन हातात तयार. खिडकीतल्या बाईंनी पत्ता तपासला आणि अगदी हळू, मला समजेल अशा जपानीत सांगितलं, की एक जानेवारीला तुम्ही जिथे राहत होतात तिथला वॉर्ड दाखला देतो. आणि आम्ही निशिकासाईला आलो फेब्रुवारीत! त्याआधी ओजिमा, म्हणजे कोतो वॉर्ड. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी दुकानातल्या एकीला मीच समजावलं होतं. स्वतःच्या वेळी डोक्यात आलं नाही. बाईंनी नकाशावर कोतोच्या ऑफिसला गोल करून दिला. दुपारची पाळी बुडाली.

पाळी म्हणजे इथल्या भारतीय किराणा दुकानातली. पोहे, तूरडाळ, मसाल्यांची पाकिटं. व्हिसा अवलंबित असल्याने कामाची वेगळी परवानगी लागते आणि ती आठवड्याला अठ्ठावीस तासांची. दुकानाच्या मागच्या कॅलेंडरवर मी तास लिहिते. एकदा सणाच्या गर्दीत साडेअठ्ठावीस झाले, तेव्हा मालकापेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल आईचा फोन. ‘पितृपक्ष चालूये, एवढं सोमवारपर्यंत थांब. घटस्थापनेला कर.’ म्हटलं, आई, नवं काही करत नाहीये, जुन्याचंच नूतनीकरण आहे. तिला ते पटलं असावं, कारण मग तिने पुरणाचा विषय काढला.

पहाटे उठून तिघांचे डबे. तोझाई लाईनची ट्रेन, मग यामानोते लाईन, मग शिनागावा स्टेशनच्या कोनान बाजूने इमिग्रेशन ऑफिसची बस. या बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही, पण सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकची पारदर्शक फाइल असते. आठ वाजता तिथे, नऊला दार उघडतं. पुढे एक नेपाळी मुलगी होती, भाषा शिकायच्या शाळेतली. हिंदीत बोलली. मागे दोन व्हिएतनामी मुलं, फोनवर एकमेकांचे फॉर्म तपासत होती.

फोटो चार बाय तीन सेंटीमीटर, सहा महिन्यांच्या आतले. मी लेकीचेही काढून नेले होते, स्टेशनवरच्या यंत्रात, तिला स्टुलावर उभं करून. काउंटरवरच्या माणसाने तिचा फोटो हलकेच परत सरकवला. सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही. हेही मला माहीत असायला हवं होतं, तिच्या कार्डावर फोटो कधी नव्हताच. पुढे त्याने माझे कागद चाळले आणि विचारलं, काम चालू ठेवायचंय ना? कामाची परवानगी मुक्कामाबरोबरच संपते, तिचा अर्ज नव्याने करावा लागतो. तो फॉर्म मी घरी विसरले होते. त्याने कोरा काढून दिला, पेनही दिलं. उभ्याउभ्या भरला. माणूस फार बोलला नाही, पण मला दुसऱ्यांदा रांगेत पाठवलं नाही, एवढं पुरे होतं.

कार्डांच्या मागे अर्ज चालू असल्याचा शिक्का बसला. एका पोस्टकार्डावर आपणच आपला पत्ता लिहायचा, निकाल लागला की ते घरी येतं. हगाकी म्हणतात. स्वतःला लिहिलेलं पत्र, मजकूर दुसऱ्याचा.

अर्जात एक रकाना आहे : किती मुदत हवी. नवऱ्याने ‘५ वर्षे’ लिहिलं. आतापर्यंत कधी मिळाली नाहीत. मागायला काय जातं म्हणतो. पाच, तीन, एक यांतलं ते देतील ते. गेल्या वेळी तीन मिळाली होती. पण मध्ये त्याने कंपनी बदलली. चौदा दिवसांच्या आत कळवायचं असतं, ते केलं. नवी कंपनी मात्र छोटी आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. इकडे साधा मंगळवार, लेक शाळेत गेली. संध्याकाळी खालच्या जपानी आजींनी दाराशी लावलेली पणती बघून विचारलं, वीज गेली का?

सांगलीला जायचं यंदाही राहिलं. अर्ज चालू असतानाही जाऊन येता येतं, नियम तसं सांगतो. वर्षाच्या आत परतणार असलो तर वेगळी परवानगीही लागत नाही, विमानतळावर एका चौकोनात खूण केली की झालं. पण मन धजावत नाही. आपण तिकडे आणि हगाकी इकडे आलं तर? नवरा म्हणतो, वेळेत अर्ज केलेल्याला मुदतीनंतरही दोन महिने निकालाची वाट बघत राहता येतं. बरोबर आहे त्याचं. तरी मी रोज खाली जाऊन टपालपेटी उघडते. दिवसातून दोनदा.

परवा पुण्याच्या मावशीशी बोलत होते. ती एरंडवण्यात वरची खोली परदेशी विद्यार्थ्यांना देते, पूर्वी इराणी, आता टांझानियाची मुलगी. मावशी कुरकुरत होती, की भाडेकरू आला की चोवीस तासांत तो सी फॉर्म भरा, मुलीला नोंदणीसाठी घेऊन जा. पूर्वी मी हे हसून ऐकायचे. या वेळी विचारलं, तिच्याबरोबर तू गेली होतीस का? मावशी म्हणाली, ‘मी कशाला? तिला येतं की इंग्रजी.’ मी काही बोलले नाही. पण त्या मुलीला नक्की कशाची गरज आहे ते मला माहीत आहे, आणि ते इंग्रजी नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आलं! माझ्याच अक्षरातला पत्ता. मागे काय काय आणायचं त्यावर खुणा : पासपोर्ट, कार्ड, सहा हजारांचं रेव्हेन्यू स्टॅम्प. इथले जुने लोक सांगतात, फीचा आकडा दिसला की समजायचं, मंजूर. मुदत किती ते मात्र लिहीत नाहीत. ते तिथे गेल्यावर, कार्ड हातात पडल्यावर.

दुकानात सांगितलं तर पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच : किती? मुलगा झाला की मुलगी विचारावं तसं. याला कारण आहे. कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला सर्वसाधारणपणे दहा वर्षं लागतात, आणि हातात किमान तीन वर्षांचं कार्ड लागतं. आमची दहा २०२७ मध्ये भरतील. घराच्या कर्जाला बँकही हाच आकडा बघते. आमची लेक तर इथेच जन्मली. जन्मल्यावर तीस दिवसांत तिच्यासाठीही अर्ज करावा लागला होता. मान धरत नव्हती अजून, आणि मुक्कामाचं कारण लिहायचं होतं. ‘आईवडिलांसोबत राहणे’ असं लिहिलं होतं आम्ही.

५ नोव्हेंबर, बुधवार

इमिग्रेशन ऑफिसातल्याच दुकानातून अठरा हजारांचे रेव्हेन्यू स्टॅम्प घेतले, कागदावर चिकटवले. दोन तास बसलो. लेकीने शाळा बुडवून गणिताचं पान तिथेच पुरं केलं. नंबर लागला. जुन्या कार्डांना भोक पाडून परत दिली, नवी समोर ठेवली.

एक वर्ष. तिघांनाही. १२ नोव्हेंबर २०२६.

आम्ही हे धरूनच चाललो होतो. कंपनी नवी, नोकरी नवी, एक मिळणार, असं महिनाभर एकमेकांना सांगत होतो. तरी परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेरच बघत होता. मी कार्ड उलटं करून मागचा शिक्का वाचला : अठ्ठावीस तास. तो आहे तसाच होता, त्याचं बरं वाटलं. पुढच्या ऑगस्टपासून पुन्हा कागद गोळा करायचे. निदान कराचे दाखले आता एदोगावातच मिळतील.

संध्याकाळी पाळीवर गेले. सगळ्यांनी विचारलं, किती? एक, म्हटलं. मालकाची बायको म्हणाली, ‘आम्हाला पहिली चार वेळा एकच मिळालं गं,’ आणि पोह्यांचं खोकं माझ्याकडे सरकवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचे न लागलेले फोटो गेल्या महिन्यात एका पाकिटात घालून आईला पाठवले होते, ते पोहोचले. आई फोनवर : ‘किती गंभीर चेहरा करून ठेवलाय. पोरीला जरा हस म्हणायचं की!’ म्हटलं, हसलेला चालत नाही गं आई. ‘कुणाला?’ म्हणाली.