पव्हान: नृत्याच्या चालीने चालणारा इतिहास

माझे वडील भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. भट्टीत कोळसा एका जागी टाकायचा नसतो, पसरून टाकायचा असतो, हे मला शाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणूनच किथ रॉबर्ट्स यांची १९६८ सालची 'पव्हान' ही विज्ञानकादंबरी मी केवळ तिच्यातील रस्त्यावरून माल ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी उघडली, आणि तिच्या नावामुळे सोळाव्या शतकातील फ्रेंच दरबारी नृत्यापर्यंत पोहोचलो.

पव्हान हे जोडीजोडीने, मिरवणुकीसारखे करायचे संथ नृत्य. लांग्र येथील धर्मोपदेशक ज्याँ ताबूरो यांनी थ्वानो आर्बो या टोपणनावाने लिहिलेल्या, १५८९ सालच्या नृत्यग्रंथात त्याची रीत दिली आहे: दोन साधी पावले, मग एक दुहेरी, आणि साथीला ढोलाचा एक लांब व दोन आखूड ठोके. राजेरजवाड्यांनी भरजरी झगे घालून सभेपुढे यावे, यासाठीच जणू ही चाल बेतलेली होती. आमच्याकडे श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला चौरंग डोक्यावर घेऊन निघालेली बाई पाऊल टाकते, क्षणभर सावरते आणि मगच पुढचे टाकते. त्या सावरण्यावरून मला पव्हानची लय उमगली.

रॉबर्ट्स यांच्या कथेत १५८८ साली एलिझाबेथ राणीची हत्या होते, स्पॅनिश आरमार जिंकते आणि विसाव्या शतकातही इंग्लंडवर रोमच्या चर्चची सत्ता असते. विजेला मज्जाव असतो, संदेश टेकड्यांवरील सिमाफोरच्या, म्हणजे हलत्या दांड्यांनी खुणा करणाऱ्या यंत्रांच्या, मनोऱ्यांवरून जातात. प्रकरणांना लेखकाने 'मेझर', म्हणजे नृत्याचे पदबंध, म्हटले आहे. एका पिढीने पाऊल टाकावे आणि पुढच्या पिढीने ते सावरावे, अशी ती रचना आहे. आणि माझ्या मते या कादंबरीचे खरे बळ कल्पित इतिहासापेक्षा या संथपणातच आहे.

शेवटच्या 'कोडा'त मात्र चर्चने मानवजातीच्या भल्यासाठीच प्रगती रोखून धरली होती, असे सुचवले जाते. ते मला पटत नाही, कारण ब्रदर जॉन या चित्रकार भिक्षूला धर्मन्यायालयातील छळाची चित्रे काढावी लागतात, ते प्रकरण मी विसरू शकलो नाही. दरबारात पव्हाननंतर गॅलियार्ड हे उड्यांचे चपळ नृत्य करण्याची रीत होती. रॉबर्ट्स यांनी नाव पव्हानचेच ठेवले, आणि ब्रदर जॉननंतर गॅलियार्ड मला वाचायला झेपलेही नसते.