बडोद्याहून सिंगापूर: खर्चाचा कागद कसा मांडायचा

दिवाळी जवळ आली की ‘सिंगापूर ५ रात्री ६ दिवस, माणशी अमुक हजार’ अशा जाहिराती सुरू होतात. त्या आकड्याला चारने गुणून बजेट ठरवलं की फसगत ठरलेली. व्हिसा, ५ टक्के जीएसटी, टीसीएस (एजंट आगाऊ घेऊन सरकारात भरतो तो आयकर), दुपारची जेवणं, टिपा आणि बडोद्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतचं जाणं-येणं बहुधा त्याच्या बाहेर असतं. तळाशी बारीक अक्षरात ‘मुंबई ते मुंबई’ लिहिलेलं असतं. पॅकेज घ्या किंवा स्वतः आखा, आधी आपला कागद तयार हवा. मगच एजंटचा आकडा महाग की स्वस्त ते कळेल.

कागदावर तीन रकाने पाडा: माणशी खर्च, खोलीमागे खर्च, दिवसामागे खर्च. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि प्रवेश तिकिटं माणशी. हॉटेल खोलीमागे. जेवण आणि गावातला प्रवास दिवसामागे. एवढी विभागणी केली नाही तर बचत कुठे होते तेच दिसत नाही.

एक नमुना मांडू. आई-वडील, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं, पाच रात्री, विमान अहमदाबादहून. सिंगापूर डॉलर हिशोबापुरता ७० रुपये धरला आहे. आकडे मांडणी दाखवण्यासाठी आहेत, तुमच्या तारखांचे तुम्ही भरा. तिकिटं ३५,००० प्रमाणे १,४०,०००. व्हिसा एजंटच्या फीसकट १२,०००. विमा ४,०००. चौघांची फॅमिली रूम २५० डॉलर रात्र, म्हणजे ८७,५००. जेवणखाण दिवसाला १०० डॉलर, सहा दिवसांचे ४२,०००. मेट्रो, बस, कधीमधी टॅक्सी मिळून दिवसाला २५ डॉलर, १०,५००. प्रवेश तिकिटं ६०० डॉलर, ४२,०००. अहमदाबाद विमानतळापर्यंत टॅक्सी जाऊन-येऊन ६,०००. सिम २,०००. शेवटी चलन बदलताना जाणारं नुकसान, जे कोणीच लिहीत नाही: डॉलरमधल्या १,८२,००० च्या खर्चावर ३ टक्के, सुमारे ५,५००. बेरीज ३,५१,५००. वर दहा टक्के राखीव. खरेदी वेगळी.

आता रकाने बघा. मुक्काम एका दिवसाने वाढला तर खोली १७,५००, जेवण ७,०००, प्रवास १,७५०, मिळून २६,२५० वाढतात. उलट तारीख बदलून तिकीट माणशी ७,००० नी उतरलं तर चौघांचे २८,००० वाचतात. म्हणजे योग्य तारीख निवडली तर एक अख्खा दिवस फुकट पडतो. नाश्ता असलेलं हॉटेल, डिस्काउंट कुपन, कॅशबॅक हे सगळं त्यानंतरचं. तरी घराघरांत जास्त वेळ कुपनांवरच जातो.

तारखेचं गणित गुजरातेत जरा वेगळं आहे. इथल्या शाळांना दिवाळीची सुट्टी साधारण तीन आठवड्यांची असते, पण निम्मं बडोदं पाडवा ते लाभपाचम या चार-पाच दिवसांतच बाहेर पडू पाहतं. कारण उघड आहे: व्यापाऱ्याला लाभपाचमीला दुकानाचं मुहूर्त करायचं असतं, म्हणून तो त्याआधी परततो. तुमचं दुकान नसेल आणि रजा मिळत असेल, तर लाभपाचमीनंतर निघा. मुलांची शाळा अजून बंदच असते आणि गर्दीची दिशा परतीची असते. तिकडचं कॅलेंडरही तपासा. सिंगापुरात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात रात्रीची फॉर्म्युला वन शर्यत असते. त्या आठवड्यात मरीना बे भागातल्या खोल्यांचे भाव भडकतात. चिनी नववर्षाला हॉटेलं महाग आणि बरीच छोटी दुकानं बंद, असा दुहेरी तोटा.

अहमदाबाद की मुंबई, हा बडोदेकरांचा नेहमीचा प्रश्न. अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर, एक्सप्रेसवेने दोनेक तास, आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे. मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. बोरिवलीपर्यंत रेल्वे, पुढे सामानासह टॅक्सी, आणि गाडी लेट होईल या भीतीने चार-पाच तास आधी पोचणं. चौघांचं जाऊन-येऊन भाडं, टॅक्सी आणि वाटेतलं खाणं यांची बेरीज करा, त्यातून अहमदाबादच्या टॅक्सीचे पैसे वजा करा आणि चारने भागा. मुंबईचं तिकीट माणशी निदान तेवढ्याने तरी स्वस्त हवं. बहुतेकदा तेवढा फरक निघत नाही. तिसरा मार्ग बडोद्याच्याच हरणी विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली आणि पुढे परदेश. तो घ्यायचा तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं. वेगवेगळी काढलेली स्वस्त तिकिटं अशा वेळी सगळ्यात महाग ठरतात.

तिकीट काढताना किमतीबरोबर बॅगेची ओळ वाचा. स्वस्त भाड्यात अनेकदा फक्त ७ किलोची हातातली बॅग असते. चेक-इन बॅगेचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरा, विमानतळावर तेच वजन बरंच महाग पडतं. चौघांना चार मोठ्या बॅगा लागत नाहीत, दोन पुरतात. दोन वर्षांखालच्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या तुलनेत किरकोळ असतं, पण सहलीच्या मध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. आणि नाव! आपल्याकडे पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिकिटावर तशीच दोन्ही घाला, नंतरच्या दुरुस्तीला पैसे पडतात. बेत रद्द झाला तर ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरचेही विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. ते मागावे लागतात, आणि बहुतेक लोक मागत नाहीत.

पासपोर्ट काढून आधी मुलांचे बघा. त्यांची मुदत पाचच वर्षांची असते, आणि प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. नव्या पासपोर्टची फी मोठ्यांना १,५०० आणि मुलांना १,००० रुपये. तत्काळला वर २,०००. दोन मुलांचे पासपोर्ट घाईने काढले तर ४,००० रुपये नुसते विसरण्याचे गेले. सिंगापूरचा व्हिसा सहसा अधिकृत एजंटमार्फत होतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. बाकीची एजंटची, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) मात्र पूर्ण फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

हॉटेलच्या बाबतीत दोन गोष्टी खिशाला लागतात. एक, रात्रींची मोजणी. रात्री निघून सकाळी पोचणारं विमान असेल तर खोली दुपारी दोन-तीनला मिळते. सामान ठेवून फिरायला बाहेर पडणार की आदल्या रात्रीचेही पैसे भरणार, हे आधी ठरवा. पॅकेजमधली एक ‘रात्र’ विमानातच जात नाही ना, तेही विचारा. दोन, चौघांची खोली. सिंगापुरातल्या पुष्कळ खोल्या दोन मोठे आणि एक मूल एवढ्याच माणसांना देतात. सहा वर्षांचा फुकट आणि दहा वर्षांचा ‘अ‍ॅडजस्ट होईल’ असं धरलं तर काउंटरवर दुसरी खोली गळ्यात पडते. बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका. स्वस्तात फ्लॅट मिळतोय म्हणून खूश होऊ नका. तिथे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने देणं बेकायदा आहे. आजी-आजोबा सोबत आले की माणशी खर्च वाढतोच, शिवाय दुसरी खोली लागते आणि चार सीटच्या टॅक्सीऐवजी दोन टॅक्सी किंवा मोठी गाडी. सहा जणांचा खर्च चौघांच्या दीडपट धरून चालत नाही.

मेनूकार्डावर किमतीपुढे ‘++’ दिसलं तर त्यात १० टक्के सेवा शुल्क आणि त्या रकमेवर ९ टक्के जीएसटी मिळवा. २० डॉलरची थाळी जवळजवळ २४ ला पडते. हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांना, हा प्रकार सहसा नसतो. लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे, आजूबाजूला शाकाहारी खानावळी भरपूर, त्यामुळे जेवणासाठी पॅकेज घेण्याची गरज निदान सिंगापूरला तरी नाही. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटल्या भरून घ्या. संध्याकाळी गार्डन्स बाय द बेच्या उघड्या बागेतला दिव्यांचा खेळ फुकट असतो, बोटॅनिक गार्डनही फुकट, फक्त ऑर्किडच्या भागाला तिकीट आहे. पैसे खरे जातात ते थीम पार्कांवर. तिथे अर्ध्या दिवसाने पोचणं म्हणजे अर्धं तिकीट वाया घालवणं. सकाळी उघडताना आत शिरा.

घरून लीलो चिवडो, भाकरवडी, थेपले न्यायला हरकत नाही, पण देशानुसार बघा. सिंगापुरात च्युइंग गम, गुटखा आणि खायच्या तंबाखूला बंदी आहे. युरोपात दूध-तुपाचे पदार्थ, म्हणजे पेढे-बर्फी, नेता येत नाहीत. आणि दुबईला जाताना फराळाच्या डब्यातून अनारसे काढून ठेवा. खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते, आणि ते प्रकरण नुसत्या दंडावर भागेलच असं नाही.

आता चलन, कारण पैसे न दिसता गळतात ते इथे. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बहुधा ३.५ टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) लागतो आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. नमुन्यातल्या १,८२,००० वर हे साडेसात हजार झाले. मार्कअप नसलेलं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्या, पण फॉरेक्स कार्डात त्याच देशाचं चलन भरा. अमेरिकी डॉलर भरून सिंगापुरात स्वाइप केलंत तर चलनांतराचं शुल्क पुन्हा लागतं. दुकानदाराचं मशीन ‘रुपयात की सिंगापूर डॉलरमध्ये?’ विचारेल. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर त्या मशीनवाल्याचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. एटीएमवर आणि हॉटेलच्या बिलालाही हेच.

हॉटेल येताना डिपॉझिट म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवतं. ती फॉरेक्स कार्डावर अडकली तर सुटायला दिवस लागतात आणि तेवढ्यात सहल संपते, म्हणून डिपॉझिटला क्रेडिट कार्ड पुढे करा. नोटा थोड्याच घ्या. फॉरेक्सवाल्यांना फोन करून त्याच तासातला दर विचारा आणि इंटरनेटवरच्या दराशी टक्क्यांत ताडून बघा. ‘शून्य कमिशन’ म्हणणारा बहुधा दरातच कमावतो. एक लाखाच्या चलनावर जीएसटी १८० रुपये असतो. त्याहून मोठी रक्कम कर म्हणून लावली असेल तर बिल मागा.

टीसीएसला लोक खर्च समजतात. तो आगाऊ भरलेला कर आहे, रिटर्नमध्ये वळता होतो. २०२५-२६ मध्ये पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि पुढे २० टक्के होता. २०२६ च्या अर्थसंकल्पाने तो सरसकट २ टक्क्यांवर आणला. नुसतं विमान तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही, तिकीट, हॉटेल वगैरेंपैकी निदान दोन गोष्टी एकत्र लागतात. पॅकेज घेणार असाल तर बिल जो रिटर्न भरतो त्याच्याच पॅनवर करा. आजोबांच्या पॅनवर केलं आणि ते रिटर्न भरत नसतील तर पैसे तिथेच राहतात. नोकरदाराने कंपनीला कळवलं तर पगारातल्या टीडीएसमध्येही ते धरता येतात.

मग पॅकेज कधी घ्यावं? युरोपला, पहिल्यांदा, वयस्कर माणसं बरोबर असताना, आणि रोज रात्री भारतीय जेवण हवंच असेल तर. युरोपात बस, मार्गदर्शक आणि जेवण तुटकपणे घेतलं तर ग्रुपचा भाव गाठणं कठीण जातं. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच व्हिसा) मोठ्यांच्या ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांच्या ४५ युरो फी (सहाखाली माफ) आणि वर अहमदाबादच्या व्हिसा अर्ज केंद्राची फी मात्र वेगळी धरा. सिंगापूर, दुबई, बँकॉकला पॅकेजने बहुधा पैसे वाचत नाहीत, फक्त डोकं वाचतं. त्याची किंमत किती द्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

परतताना उरलेली नाणी इथे कोणी बदलून देत नाही, ती सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच खर्चा. उरलेल्या नोटा आणि कार्डातली शिल्लक परत विकताना खरेदी-विक्रीच्या दरातला फरक जातो, म्हणून शेवटच्या दिवशी कार्ड आधी रिकामं करा. २,००० अमेरिकी डॉलरइतक्या किमतीपर्यंतचं परकी चलन पुढच्या सहलीसाठी जवळ ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत करावं लागतं.