सार्जंटचा हयातीचा दाखला

आमच्या केअर होममध्ये प्रत्येक माणूस जिवंत असल्याची नोंद दिवसातून किती वेळा होते, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. किती मिली पाणी प्यायला, कोणत्या कुशीवर झोपवला, नाश्ता निम्मा केला की पूर्ण, लघवी, रक्तदाब, मूड. जर्मन नर्सिंगमध्ये सुरुवातीलाच डोक्यात भरवतात: जे लिहिलं नाही, ते केलंच नाही. म्हणून आम्ही लिहितो. पेशंटचा हात धरून बसायला वेळ मिळत नाही, पण लिहायला मिळतो.

तरीही गेल्या फेब्रुवारीत आमच्या पहिल्या मजल्यावरचा एक माणूस, रक्तदाब उत्तम, अंडं-पाव खाऊन खिडकीशी बसलेला, एका सरकारच्या लेखी हयात असल्याचं सिद्ध होत नव्हतं.

त्यांना इथे मी सार्जंट म्हणते. मी काम करते ते गाव जर्मनीच्या नैर्ऋत्येला, कायझर्सलाउटर्नजवळ. शेजारी रामश्टाइनचा अमेरिकन हवाई तळ, लांडश्टूलचं त्यांचंच लष्करी रुग्णालय. सैनिक, त्यांची कुटुंबं आणि तळावर काम करणारे धरून पन्नास हजारांच्या वर अमेरिकन माणूस या पट्ट्यात राहतो. अमेरिकेबाहेर त्यांची एवढी मोठी लष्करी वस्ती दुसरी नाही. कायझर्सलाउटर्न म्हणायला जीभ वळत नाही म्हणून ते सरळ के-टाउन म्हणतात. नोकरीवरचे येतात, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातात. पण काही जण जातच नाहीत. इथल्या मुलीशी लग्न करतात, सासरच्या गावात घर घेतात, निवृत्त होतात, आणि एक दिवस आमच्याकडे येतात.

सार्जंट १९६५ साली भरती झाले होते. आधी जर्मनी, मग व्हिएतनाम, मग परत जर्मनी. वीस वर्षांच्या वर नोकरी, नंतर तळावरच्या गोदामात काम. बायको इथल्याच गावची, ती गेली. मूलबाळ नाही. डिमेन्शिया वाढला तसं त्यांचं जर्मन आधी गेलं, इंग्रजी तेवढं राहिलं. आमच्याकडच्या जुन्या बायका फाल्झी या इथल्या अस्सल बोलीत बोलणार, त्यांना काही कळणार नाही, मग आरडाओरडा. म्हणून ते माझ्या वाट्याला आले. साताऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी या मजल्यावर सगळ्यांत चांगलं, हा योग मलाही गमतीचाच वाटतो. मला ते ‘डॉक’ म्हणतात. पलटणीबरोबर फिरणाऱ्या मेडिकला तसं म्हणायची पद्धत होती.

दर बुधवारी चार म्हातारे त्यांना भेटायला यायचे. सगळे निवृत्त फौजी. एक उंच, कायम टोपीत. एक हवाई दलातला, त्यावरून इतर तिघांच्या टोमण्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. एक गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. आणि चौथा फार न बोलणारा, कागदपत्रांची पिशवी घेऊन हिंडणारा. सुरुवातीला मला वाटलं, कॉफी-केकपुरती मंडळी आहेत. तसं नव्हतं. कोणाची विधवा पेन्शनच्या फॉर्मवर अडलीय, कोणाच्या थडग्यावर अमेरिकन सरकारकडून मिळणारा दगड अजून आला नाही, कोणाला तळाच्या फाटकापर्यंत गाडी हवीय, हे सगळं त्या टेबलावर ठरायचं. इथल्या मोठ्या कब्रस्तानात १९५२ ते १९७१ या काळात दगावलेल्या तान्ह्या अमेरिकन बाळांच्या साडेचारशेच्या आसपास कबरी आहेत. आईबाप बदली होऊन निघून गेले, बाळं इथेच राहिली. अशा ठिकाणी जाऊन साफसफाई करणाऱ्यांत हेही असतात.

बाहेरच्यांना वाटतं, अमेरिकन फौजी म्हणजे सरकारनं तळहातावर झेललेला माणूस. माझे सातारचे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. कॅन्टीनचं कार्ड, जिल्हा सैनिक कार्यालय, सगळं हाताशी, तरी त्यांची कुरकुर संपत नाही. त्यांना इथे आणून बसवायला हवं. जर्मनीत राहणाऱ्या निवृत्ताला तळावरच्या दुकानात जायचं तर जर्मन कस्टमचा कागद आणि वर जकात. लष्करी टपालातून पार्सल आलं तर सोळा औंसांपर्यंत, म्हणजे आपल्या अर्ध्या किलोलाही कमी. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा अमेरिकन सरकारी आरोग्य विमा, देशाबाहेर चालत नाही. लष्करी आरोग्य विमा इस्पितळाचं बिल देईल, पण रोज आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं याचं देत नाही. आणि आमच्याकडे बिल होतं ते नेमकं त्याचंच. जर्मन शुश्रूषा विमा नसलेल्या माणसाला महिन्याला चार हजार युरोंच्या वर मोजावे लागतात. सार्जंटची लष्करी पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकन सरकारचं म्हातारपणचं वेतन, मिळून ते कसंबसं भागत होतं.

त्यातली सोशल सिक्युरिटी बंद पडली.

कारण साधं होतं. परदेशात राहणाऱ्यांना सोशल सिक्युरिटीचं कार्यालय ठरावीक मुदतीनं एक फॉर्म पाठवतं, नंबर ७१६२. बहुतेकांना दोन वर्षांतून एकदा, फार वयस्कर असतील त्यांना दरवर्षी. जिवंत आहात का, पत्ता बदलला का, काम करता का. सही करून परत पाठवा. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, तरी नाही आलं तर पैसे थांबतात. थोडक्यात, आपला हयातीचा दाखला. सार्जंटचा फॉर्म गेला त्यांच्या जुन्या घरी. टपाल इकडे वळवण्याची मुदत संपली होती, ती कोणी वाढवली नव्हती.

‘कोणी’ म्हणजे त्यांचा बेट्रॉयर. जर्मनीत माणूस स्वतःचे व्यवहार बघू शकत नसेल तर कोर्ट त्याच्यासाठी कायदेशीर काळजीवाहक नेमतं. हे गृहस्थ वाईट नाहीत. पण त्यांच्याकडे अशी माणसं ढीगभर, आणि सार्जंटला ते फाइलीवरून जास्त ओळखतात, चेहऱ्यावरून कमी. त्यांनी कोर्टाचं प्रमाणपत्र भाषांतरासह अमेरिकेला धाडलं आणि निश्चिंत झाले. पुढे कळलं की सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत मुखत्यारपत्रही चालत नाही आणि परदेशी कोर्टाचा कागद आपोआप लागूही होत नाही. त्या कार्यालयानं स्वतः नेमलेला प्रतिनिधी लागतो, आणि ती नेमणूक काही आठवड्याभरात होत नाही. इकडे आमच्या ऑफिसनं थकबाकीचं पत्र काढलं होतं. जर्मन पत्र फार सभ्य असतं. शेवटच्या परिच्छेदापर्यंत.

मला हे सगळं माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं. गोपनीयतेचा नियम इथे चेष्टेचा विषय नाही. मित्रांशी पेशंटच्या पैशांबद्दल बोलले तर नोकरी जाईल. पण त्या बुधवारी पिशवीवाल्यानंच विचारलं, “याचा जिवंत-आहेस-का फॉर्म गेला ना? माझा उन्हाळ्यातच गेला.”

मी म्हटलं, “मी त्यावर काही बोलू शकत नाही.”

त्यानं टोपीवाल्याकडे पाहिलं. टोपीवाल्यानं कप खाली ठेवला. मी बेट्रॉयरचा फोन नंबर तेवढा लिहून दिला, तो देण्यात काही गैर नव्हतं. पुढच्या बुधवारी पिशवीत फ्रँकफर्टच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून मागवलेला कोरा फॉर्म होता. बेट्रॉयरनं वरचे प्रश्न भरून दिले होते. प्रतिनिधीचा अर्जही गेला होता, तो यथावकाश होणार होता. प्रश्न सहीचा. सही जमत नसेल तर खूण चालते, फुली मारली तरी चालते, मात्र दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार हजरच होते. सार्जंटनं मात्र कित्येक महिन्यांत पेन धरलं नव्हतं.

इथे माझं काम सुरू झालं, आणि यात मी कोणाला हार जात नाही. अशा माणसाची सही दुपारनंतर घ्यायचीच नाही. उन्हं कलली की अस्वस्थता वाढते. वेळ सकाळी साडेदहाची: औषध पोटात, शौच झालेलं, पोट भरलेलं. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या नव्या. चष्मा पुसलेला. माझे सहकारी तो धुकं साचल्यासारखा तसाच चढवतात, आणि मग माणूस गोंधळला की ‘आज दिवस चांगला नाही’ असं लिहितात. व्हीलचेअरवर नाही, हातांच्या खुर्चीवर बसवायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. पाय अधांतरी असले की हातही थरथरतो. टेबलावरून केक, फुलं, नॅपकिन सगळं हटवायचं. पेन जाड, त्याला फोमची नळी. टीव्ही बंद, दार बंद.

एवढं सगळं केलं आणि सार्जंटनं पेन टेबलावर ठेवून दिलं. टोपीवाला म्हणाला, “इथे सही कर, दोस्ता.” सार्जंट म्हणाले, “मी काही विकत घेत नाही.” पुन्हा विनवलं, तर चिडले. हवाई दलवाल्यानं सही करून दाखवली. त्याच्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की तो गप्प झाला.

मग तो न बोलणारा, पिशवीवाला, उठला. टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. जाकिटाची बटणं लावली, फॉर्म आपल्यासमोर सरळ केला आणि वेगळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाला, “नेक्स्ट.”

मला काही कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं: साठच्या दशकात पगार रोख मिळायचा. टेबलामागे पगार वाटणारा अधिकारी, समोर रांग. आपली पाळी आली की पुढे जायचं, सॅल्यूट, नाव सांगायचं, सही, पैसे मोजून घ्यायचे, बाजूला व्हायचं.

सार्जंट उठले. दोन माणसं धरल्याशिवाय न उठणारा हा माणूस टेबलाच्या कडेला एक हात टेकून उठला. मी मागे हात पसरून उभी होते, पडले तर झेलायला. उजवा हात कपाळापर्यंत गेला. हुद्दा, आडनाव. पलीकडून उलट सॅल्यूट आला आणि फॉर्म पुढे सरकला. सार्जंटनी पेन उचललं, वाकले, आणि अजिबात न थांबता लिहिलं. नाव, आणि पुढे ‘आरए’ ही दोन अक्षरं आणि आठ आकडे.

तो त्यांचा जुना सर्व्हिस नंबर. आरए म्हणजे रेग्युलर आर्मी, स्वखुशीनं भरती झालेला. जुलै १९६९ मध्ये अमेरिकन लष्करानं ते नंबर बंद करून सोशल सिक्युरिटीचा नंबरच वापरायला सुरुवात केली. म्हणजे पन्नास वर्षांच्या वर कोणी न विचारलेला आकडा. टोपीवाला म्हणाला, “खूण म्हणजे खूण,” आणि साक्षीदार म्हणून सही ठोकली. गुडघेवाल्यानं दुसरी केली.

इथे आम्ही सगळेच हुश्श करून बसलो. सार्जंट बसले नाहीत. हात पुढे करून उभे राहिले.

पगार. त्यांनी सही केली होती आणि पैसे मिळाले नव्हते. पिशवीवाल्यानं पाकीट काढलं, पण त्यात युरो. हवाई दलवाल्याकडे तळावर खर्चायला ठेवलेले डॉलर निघाले, ते टेबलाखालून इकडून तिकडे गेले. सार्जंटनी ते मोजले, पुन्हा मोजले, शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं आणि मगच खुर्चीत बसले. दिवसभर खिशाला हात लावू दिला नाही. आंघोळीच्या वेळी शर्ट काढायला माझा अर्धा तास गेला.

पैसे परत सुरू झाले, मागची थकबाकीही आली. पण माझ्या मनातून ती सकाळ गेलेली नाही. आमच्या नर्सिंग प्रमुख बाईंनी मला बोलावून एकच विचारलं: त्यांना ठाऊक होतं का, ते कशावर सही करताहेत? मी म्हटलं, नाही. मग ती त्यांची सही कशी? मी म्हटलं, फॉर्म विचारतोय माणूस हयात आहे का, आणि त्या सकाळी त्या मजल्यावर त्यांच्याइतका हयात दुसरा कोणी नव्हता. बाई हसल्या नाहीत. त्या हुशार आहेत. म्हणाल्या, उत्तर चांगलं आहे, पण माझ्या प्रश्नाचं नाही. बरोबर होतं. डिमेन्शियाचा माणूस ज्या काळात असेल त्या काळात जाऊन त्याच्याशी बोला, असं आम्हीच शिकवतो. पण तिथून त्याची सही घेऊन या, असं कुठे शिकवलेलं नाही. मामांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “मग? फसवलं कुठे, पगार दिला ना?” फौजी सगळे एकाच बाजूचे.

डॉलरचा घोळ अजून मिटलेला नाही. रहिवाशांच्या रोकडीच्या वहीत युरोचा एकच रकाना आहे. हवाई दलवाला पैसे परत घ्यायला तयार नाही, बेट्रॉयर म्हणतात देणगीची पावती करा, आणि ऑफिसातली बाई मला दर महिन्याला विचारते की हे डॉलर नक्की कशाखाली दाखवायचे. पिशवीवाला वसंतात टेक्ससला मुलीकडे कायमचा राहायला गेला. जाण्यापूर्वी त्याच्याकडून मी पगाराच्या टेबलाची रीत लिहून घेतली: कोणी कुठे बसायचं, आधी कोण काय बोलायचं, सॅल्यूट कधी. त्यानं सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिलं आणि खाली दोनदा अधोरेखित केलं: सुटे डॉलर जवळ ठेवा. प्रमुख बाईंनी तो कागद वाचला, जर्मन करून घेतला आणि सार्जंटच्या फाइलमध्ये लावला. सहीच्या बाबतीत त्यांचं मत बदललेलं नाही, माझंही धड ठरलेलं नाही. प्रतिनिधीची नेमणूक वेळेत झाली तर त्या कागदाची गरज पडणार नाही.