टेकडीवरच्या वाटेचं पाणी काढलं, तो अनुभव

काटोल रोडनं नागपूर शहराबाहेर पडलं की आम्ही सकाळी फिरायला जातो ती टेकडी लागते. नाव मुद्दाम लिहीत नाही, रविवारी तिथं आधीच जत्रा असते. विरळ सागवान, खाली काळा पाषाण आणि वर वीतभर मुरूम-माती. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या टोकाला आहे. रामटेककडे गेलं की दगडच बदलतो. आमच्याकडचा पाषाण झिजून त्याचा मुरूम होतो, आणि कुदळीनं सहज निघणारा हा मुरूम पाण्यानंही तितक्याच सहज जातो.

आमची वाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत नाकासमोर सरळ. पाय पडून पडून जमीन घट्ट झालेली, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि वाटेचाच नाला होतो. घळीतून चालताना पाय मुरगळतो म्हणून लोक काठानं चालतात, काठावरचं गवत मरतं, मग तिथं दुसरी घळ. एका ठिकाणी तर तीन वाटा शेजारीशेजारी झाल्या होत्या, मधल्या सागाची मुळं पार उघडी.

दरवर्षी मे महिन्यात वर्गणी निघायची, मुरूम यायचा, घमेली वाहिली जायची, फोटो निघायचे. पहिल्या दणक्याच्या पावसात सगळा मुरूम पायथ्याच्या नाल्यात. आमच्यातले एक काका पाणलोटाच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. ते एकदा वैतागून म्हणाले, "मुरूम टाकून काय होते भाऊ? पाणी कुठून येऊन राहिलं, ते तर पाहा पहिले."

तेव्हापासून कामाला दिशा आली.

आधी परवानगी. जागा राखीव जंगलाची, आणि भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे तिथं दगड खणणं किंवा वनोपज हलवणं गुन्हा आहे. हेतू चांगला असल्यानं कायदा बदलत नाही. अर्जात वाटेचा नकाशा, कामाची पद्धत आणि हत्यारांची यादी दिली. अटी आल्या: सिमेंट नाही, मुळं तोडायची नाहीत, दगड तिथलेच सुटे वापरायचे, वनरक्षक सोबत असतील. सगळ्या अटी योग्यच होत्या. टेकडीवर सिमेंट नाही याचा मला तर आनंदच झाला.

मग पाहणी, आणि ती भर पावसात. छत्री, गमबूट, हातात चुन्याची पिशवी. कोरड्या दिवशी वाट पाहून काही कळत नाही. पाऊस सुरू असताना पाणी वाटेत कुठं शिरतं, कुठं वेग धरतं, कुठं आपणहून बाहेर पडू पाहतं, हे डोळ्यांना दिसतं. तिथल्या झाडाच्या बुंध्याशी दगड रचून त्यावर खूण करायची (चुना अर्थातच वाहून गेला, दगड राहिले). सागाखाली आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या पानांवर पाणी साचून टपोरे थेंब पडतात, आणि उन्हाळ्याच्या वणव्यात पाचोळा जळून गेलेला असेल तर ते थेंब थेट उघड्या मातीवर आदळतात. पाचोळा शिल्लक होता तिथली माती जागेवर होती.

नागद्वारची यात्रा केलेल्यांना ओल्या वाटेचं वेगळं सांगायला नको. नागपंचमीच्या आधीचे ते दिवस, पचमढीचा पाऊस आणि तेवढे पाय. भिजलेली माती पायाखाली जितकी तुटते तितकी कोरडी तुटत नाही. त्यामुळे झड लागली की टेकडीवर जायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम झाला. तो सगळे पाळत नाहीत.

आखणीसाठी काकांनी बांबूचा 'ए' फ्रेम बांधून आणला: वर एकत्र बांधलेले दोन बांबू, मध्ये आडवी काठी, शेंड्यापासून लोंबणारी दोरी आणि तिला दगड. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी काठीवरच्या खुणेवर थांबते. समतल चर आखायला हेच वापरतात. आम्हाला मात्र हलका उतार हवा होता. पायांमधलं अंतर दोन मीटर, म्हणून खालच्या पायाला २० सेंटिमीटरचा ठोकळा बांधला. दोरी खुणेवर आली की तेवढा तुकडा १० टक्के उताराचा. असं पाऊल पाऊल टाकत टेकडीला वळसा घालणारी नवी वाट खुंट्यांनी आखली.

वाट बांधणारे एक हिशेब पाळतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर ३० टक्के असेल तर वाट १५ च्या आत. त्याहून चढी झाली तर पाणी वाट ओलांडत नाही, वाटेनंच खाली पळतं. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. चालताना ते जाणवतही नाही, पाणी मात्र आडवं निघून जातं. अधूनमधून उतरती वाट थोडी वर चढवून पुन्हा उतरवली, म्हणजे पाण्याला तिथं बाहेर पडावंच लागतं. जिथं हे जमलं नाही तिथं तिरपे दगड गाडले, अर्ध्याहून जास्त जमिनीत. पाणी बाहेर पडतं तिथंही दगड अंथरले, नाहीतर तिथं नवी घळ.

सब्बल, फावडं, कुदळ यांचं काम त्रासाचं असतं, पण सरळ असतं. खरी डोकेदुखी जुनी वाट बंद करण्याची. नुसत्या काट्या टाकल्या, त्या दोन दिवसांत बाजूला झाल्या. मग घळीत ठरावीक अंतरावर दगडांचे आडबंध घातले, घट्ट जमीन कुदळीनं खरवडली म्हणजे गवताचं बी धरेल, वर रायमुनियाच्या (घाणेरीच्या) फांद्या दाबल्या. वरून आणि खालून, दोन्ही तोंडं दिसणार नाहीत अशी झाकली. लोक आडवाट धरतात ती समोर दिसते म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात दोन खुंट्यांना दोरी ताणून वाटेची खोली मोजत राहिलो. नव्या वाटेवर दोरी आणि जमीन यांतलं अंतर फारसं वाढलं नाही. तिरप्या दगडांमागे गाळ साचला. तो काढून पुन्हा वाटेवरच पसरायचा, दरीकडे फेकायचा नाही. हे दर पावसाळ्यात करावं लागणार, आणि त्यासाठी मुरमाएवढी वर्गणी कुणी देत नाही, कारण फोटोत दिसण्यासारखं काही नसतं.

माथ्याजवळचा टप्पा बाकी आहे. तिथं वळण घ्यायला जागाच नाही. दगडी पायऱ्या करायच्या तर सुटे दगड पुरणार नाहीत, बाहेरून आणायला वेगळी परवानगी लागेल. काका म्हणतात, पायऱ्या कराच कशाले, तो टप्पा बंद करून मागच्या बाजूनं वर जा. त्यानं फेरी बरीच लांबते, म्हणून सकाळची मंडळी नाखूश आहेत. सध्या दोन्ही नकाशे अर्जाला जोडून दिले आहेत.