तीन बोटं जास्त

"तीन बोटं लांब म्हणून दुप्पट पैसे?"

आज सिंदेवाहीच्या बाजारात मी जवळपास भांडलोच. थर्माकोलच्या डब्यात बर्फावर बांगडे. लहान नग 20 रुपये, मोठा 40.

मावशी चिडली नाही. दोन्ही काट्यावर टाकले. लहान 90 ग्रॅम, मोठा 175.

"मासा काय दोरी हाये का भाऊ? लांब होते तसा रुंदबी होते, जाडबी होते."

घरी येऊन कागद घेतला. 20 सेंटिमीटरचा 25 झाला की लांबी सव्वापट, पण वजन लांबीच्या घनाच्या हिशोबानं वाढतं. सव्वाचा घन 1.95. म्हणजे दुप्पटच की! मत्स्यशास्त्रातही हेच सूत्र, घात 3 च्या आसपास. मासा अंडी टाकून रोडावला की तेवढ्याच लांबीत वजन कमी भरतं.

तसाही एक होता तिच्याकडे. लांबीला मोठ्याएवढाच, पण पोट आत गेलेलं. तो तिनं आधीच बाजूला काढला होता, 30 रुपयांत. हात फिरवूनच कळलं असेल.

मी घन शिकलो आठवीत, अन् वापरला आज, तोही घासाघीस हरल्यावर.

ती लांबलचक, पट्टीसारखी वाकटी असते ना, तिचा भाव मावशी कसा लावत असेल?