मेसेज वाचून श्वास मोजता येतो का?

आशा ताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, मोबाइलवरून शिकवण्याचे काम मी करते असे नागपुरात कुणालाही सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मेसेज वाचून कुणी आरोग्याचे काम शिकते का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हाताने करायचे काम मेसेजने शिकवता येत नाही, असेच माझेही मत आहे. मात्र हाताने शिकलेले काम नेमक्या दिवशी आठवून द्यायचे असेल, आणि ते करताना ताई अडल्या तर त्यांना विचारता यावे असे वाटत असेल, तर साध्या मेसेजसारखी दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

बाळाचा जन्म दवाखान्यात झाला तरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन त्याला तपासतात. घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत करून दाखवली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा गावात मोबाइल नव्हता. गावातल्याच बायकांना समोर बसवून, पुन्हा पुन्हा करून घेऊन शिकवले गेले. आमच्या प्रशिक्षणातही तसेच होते. बाळाचे झबले वर करायचे, उजेड पोटावर पडेल असे बसायचे, पोट वर आले की एक, आणि घड्याळावर पूर्ण एक मिनिट होईपर्यंत बोटांच्या पेरांवर मोजत राहायचे. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो, त्यामुळे अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा फसवतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचे.

अडचण अशी की हे शिकल्यानंतर गावात जन्म होईपर्यंत कधी कधी दोन-दोन महिने जातात. म्हणून भेटीच्या दिवशी सकाळी आम्ही एसएमएस पाठवतो. व्हॉट्सअॅपवर आधी प्रयत्न केला होता, पण तिथे वरून येणारी लांबलचक परिपत्रके आणि त्याखाली तीस जणींचे "ओके मॅडम" यांतून कुणाला काय समजले ते कळत नसे. शिवाय पारशिवनी आणि रामटेक तालुक्यांतल्या जंगलाकडच्या गावांत रेंज येते आणि जाते. एसएमएस निदान रेंज मिळाली की पोचतो. बिहारमध्ये २०१२ साली आशांसाठी फोनवर ऐकण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण ऐकताना वाचण्याची अडचण येत नाही. पण आठवण द्यायला मला लिहिलेली एक ओळच बरी वाटते, कारण ती पुन्हा काढून पाहता येते.

ही ओळ लिहिणे मात्र फार कठीण. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० चिन्हे, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. 'श्वास' या शब्दालाच पाच जागा लागतात. आमचा पहिला मेसेज असा होता : "बाळाचा श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. ६० किंवा जास्त आले तर लगेच फोन करा."

एका थंडीत संध्याकाळी एका ताईंचा फोन आला. दोनदा मोजले, ७२ आणि ७० आले. मी बाळाला दवाखान्यात न्यायला सांगितले. बापाने भाड्याची गाडी केली, बाळंतीण कांबळ्यात बाळाला घेऊन निघाली, आणि तिथे पोचल्यावर शांत झोपलेल्या बाळाचा श्वास ४४ भरला. दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "मॅडम, ते रडत होते जी तेव्हा. रडताना मोजले तर चालत नाही का?" बाळ शांत असतानाच मोजायचे, हे प्रशिक्षणात आम्ही सांगितले होते. मेसेजमध्ये ते नव्हते, आणि त्यांनी आठवणीपेक्षा मेसेजवर विश्वास ठेवला. त्या कुटुंबाच्या गाडीभाड्याचे मला अजून वाईट वाटते, आणि ताईंनी न संकोचता विचारले याचे मोल त्याहून मोठे वाटते.

त्याच आठवड्यात मेसेज बदलला. जागा करण्यासाठी 'आले' आणि 'लगेच' हे शब्द काढावे लागले. आता तो असा जातो : "बाळ शांत असताना श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. ६० किंवा जास्त तर फोन करा." ७० पैकी ६८ जागा भरल्या आहेत.